मोटार पसार, हक्क शाबूत

धडक देऊन मोटार पसार झाली की मृताच्या कुटुंबाची भरपाईही बुडाली, असा समज रूढ आहे. तो निराधार होय. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू आल्यास २ लाख व जबर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये देय आहेत. अर्ज प्रांत अथवा तहसीलदारांकडे करावयाचा. मोटार सापडल्यास दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तेथे बुडालेली मिळकत, औषधोपचार, अपंगत्व व यातना यांचा हिशेब होतो. वाहनाचा थांग न लागल्यास पोलिसांनी कुटुंबास ही योजना कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फर्माविले. तो आदेश शोकाकुल घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावा, एवढेच आमचे मागणे आहे. ज्या हक्काची वार्ताच नाही, तो असून नसल्यासारखाच.