गॅलरीतली वीज आणि प्लगचा कायदा

युटा हे अमेरिकेतले रिपब्लिकन पक्षाच्या पक्क्या बहुमताचे राज्य. तरीही भिंतीवरच्या साध्या सॉकेटला जोडता येणाऱ्या सौर पॅनेलची वाट कायद्याने मोकळी करण्याचा पहिला मान अमेरिकेत याच राज्याला मिळाला. रेमंड वॉर्ड हे तिथले रिपब्लिकन आमदार, पेशाने डॉक्टर. जर्मनीतल्या गॅलऱ्यांमधल्या पॅनेलांविषयी त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ‘एचबी ३४०’ हे विधेयक मांडले. ते एकमताने संमत झाले. मार्च २०२५ मध्ये गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी सही केली आणि मे महिन्यात कायदा लागू झाला.

कायदा आटोपशीर आहे. १,२०० वॉटपर्यंतचे, हलवता येणारे आणि १२० व्होल्टच्या नेहमीच्या सॉकेटला जोडायचे उपकरण असेल, तर वीज कंपनीशी करार नको, परवानगी नको, शुल्क नको. मात्र नेट मीटरिंगही नाही. आपली वीज आपल्याच फ्रिजला आणि राउटरला पुरवायची, तेवढेच बिल कमी.

या सगळ्या प्रकरणातला विलक्षण भाग म्हणजे तो प्लग. एरवी सॉकेटमधून वीज बाहेर येते. इथे ती आत जाते. पॅनेलमागचा छोटा इन्व्हर्टर ग्रिडच्या लयीशी जुळवून घेत वीज सोडतो. ग्रिड गेले की त्याला लय सापडत नाही आणि तो थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्यामुळे सुरक्षित राहतो. अर्थात, याच कारणाने निव्वळ असे पॅनेल दिवे गेल्यावर घराच्या कामाचे नाही, हे लोडशेडिंग अनुभवलेल्या वाचकाने आधीच लक्षात घ्यावे.

दुसरा धोका छुपा आहे. समजा, घरातली एक वायर १५ अँपिअरची आहे आणि तिच्या तोंडाशी १५ अँपिअरचा ब्रेकर आहे. त्याच वायरवर पुढे सौर पॅनेल १० अँपिअर ओतू लागले. आता उपकरणांनी मिळून २५ अँपिअर ओढले, तरी ब्रेकरला स्वतःतून जाणारे १५च दिसतात. वायर एखाद्या टप्प्यात तापत राहते आणि ब्रेकर मात्र पडत नाही. १,२०० वॉट भागिले १२० व्होल्ट म्हणजे नेमके १० अँपिअर, त्यामुळे हा हिशेब युटात पुस्तकी राहत नाही. कायद्याने उपकरणाला सुरक्षा प्रमाणपत्र सक्तीचे केले, पण अशा संपूर्ण संचासाठी स्वतंत्र निकषच तेव्हा नव्हते. ‘यूएल ३७००’ हे निकष नंतर आले. कायदा पुढे आणि प्रमाणपत्र मागे, असा हा क्रम झाला.

जर्मनीत व्होल्टेज २३०. तिथे इन्व्हर्टरची मर्यादा ८०० व्होल्ट-अँपिअर, म्हणजे जेमतेम साडेतीन अँपिअर. वायरवरचा ताण तेवढाच कमी. मे २०२४ च्या सुधारणेने ही मर्यादा ६०० वरून वाढवली, पॅनेलला २,००० वॉटपर्यंत मुभा दिली आणि कागदपत्रे एका सोप्या ऑनलाइन नोंदणीवर आणली. जुने चकतीचे मीटर बदलून मिळेपर्यंत उलटे फिरले तरी चालेल, असेही ठरले! जानेवारी २०२३ पासून घरगुती सौर संचांवरचा मूल्यवर्धित कर शून्य आहे. बर्लिनने तर भाडेकरूंना ५०० युरोपर्यंत अनुदान दिले. २०२५ च्या मध्यापर्यंत अशा नोंदणीकृत संचांची संख्या दहा लाखांवर गेली.

तरीही सगळ्यांत मोलाची दुरुस्ती विजेच्या कायद्यात झालेली नाही. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये भाडे आणि सदनिका कायद्यांत झाली. भाडेकरूने किंवा सदनिकाधारकाने गॅलरीत पॅनेल लावायचे म्हटले, तर घरमालकाला किंवा सोसायटीला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. कुठे आणि कसे लावायचे, याबाबत अटी घालता येतात. युटाच्या कायद्याने वीज कंपनीचा अडथळा दूर केला, घरमालकाचा नाही. निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहणाऱ्या जर्मनीने दोन्ही दारे उघडली.



मराठी वाचकाला यात रस वाटावा, याचे कारण साधे आहे. भारताचे घरगुती व्होल्टेज जर्मनीसारखेच २३० आहे. फेब्रुवारी २०२४ पासूनची ‘पीएम सूर्य घर’ योजना ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते, पण तिचा मुख्य भर छतावर आहे. पुण्या-मुंबईतल्या चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे छत कुठले? जर्मनीची नक्कल मात्र जशीच्या तशी चालणार नाही. तिथे सूर्य कललेला असतो, म्हणून कठड्याला उभे लावलेले पॅनेलही बरे काम करते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. पॅनेल तिरके बसवावे लागेल, पावसाळी वाऱ्यात ते खाली कोसळणार नाही असे घट्ट बांधावे लागेल आणि जुन्या इमारतींचे अर्थिंग आधी तपासावे लागेल.

म्हणून आपल्याकडे क्रम उलटा हवा: आधी वायर, प्लग आणि बांधणीचे निकष, मग परवानगीतून सूट आणि तिच्यासोबतच भाडेकरूचा हक्क. वीज नियामक आयोगाने छोट्या संचांसाठी असा मसुदा लोकांपुढे ठेवावा. तोवर वाचकांनी परदेशी संच मागवून परस्पर सॉकेटला जोडू नये. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मात्र जरूर मांडावा.