नवखीला पुढे घाला

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे साधारण 25 किलोमीटर. बाजारापलीकडे कधी सायकल न नेलेली मैत्रीण सोबत असेल, तर या वाटेला अर्धा दिवस धरा. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. गप्पा मारत पुढे निघून गेलो. मागे येऊन बघतो तर चढावर सायकल आडवी टाकून ती एकटीच बसलेली. पाणीसुद्धा आमच्याच पिशवीत! पुढे महिनाभर ती सायकलला शिवली नाही.

आता नवखीला पुढे घालतो, वेग तिचा. सीट आधी बघतो. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, नाहीतर गुडघे भरून येतात. चढावर उतरून सायकल ढकलावी, त्यात लाज कसली? खरी भीती उताराची. एकट्या पुढच्या ब्रेकवर जोर दिला तर सायकल उलटू शकते. दोन्ही ब्रेक मिळून, दाबत-सोडत वापरायचे आणि वेग वळणाआधीच कमी करायचा. ओढणी कमरेला घट्ट. तहान लागायच्या आधीच पाणी, जोडीला मीठ घातलेलं कोकम सरबत.

आणि ती "परत फिरू या" म्हणाली, तर तिथूनच फिरायचं. आमची ती मैत्रीण आता पुन्हा येते. नेवऱ्याला थांबून चहा तीच सांगते.