संयम सुटतो, तेव्हा औषधही तपासावे

आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेले, सट्ट्याला कधीही न शिवलेले वडील उतारवयात अचानक वायदेबाजारात रकमा गमावू लागले, की घराला प्रथम आठवते ते सप्तव्यसनांतील द्यूत. परंतु त्यांना कंपवात असेल, तर दोष स्वभावाचा नसून औषधाचा असू शकतो.

कंपवातात मेंदूतील डोपामिन घटते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामिनचे काम करून हालचाल सुकर करतात. मात्र सुखाची ओढ लावणारी केंद्रेही तीच चेतवतात. मग जुगार, अनावर खरेदी, अतिआहार वा कामवासना बळावते. अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्या १७.१ टक्के, तर न घेणाऱ्या ६.९ टक्के रुग्णांत असे वर्तन आढळले.

लज्जेपोटी रुग्ण हे लपवितो. म्हणून कुटुंबीयांनीच खर्चावर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू घटविल्यास पुष्कळांचे वर्तन सावरते. तोवर पेढीचे मोठे व्यवहार दोघांच्या सहीने व्हावेत.

कठोर शब्द हीदेखील हिंसाच. आजारी पित्याची निर्भर्त्सना न करता त्यांना सावरणे, हाच अशा घरातील अहिंसाधर्म होय.