सांडपाणी विकणारे शहर

नागपूरच्या पूर्व टोकाला भांडेवाडी आहे. शहरातल्या माणसाला हे नाव घेतले की आधी कचऱ्याचा डेपो आठवतो आणि उन्हाळ्यात त्या कचऱ्याला लागणाऱ्या आगी. पण याच भांडेवाडीत रोज एक विलक्षण व्यवहार होतो. लाखो नागपूरकरांच्या मोरीतून, न्हाणीघरातून, संडासातून निघालेले पाणी नाल्यांनी आणि गडरलाइनने इथवर येते, स्वच्छ होते आणि मोठ्या जलवाहिनीतून शहराच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जाते. ज्या पाण्याची विल्हेवाट कशी लावायची याची देशातल्या बहुतेक महापालिकांना चिंता असते, त्या पाण्याचे नागपूर महापालिकेला पैसे मिळतात.

समाजाचे भले व्हावे, ते मोजता यावे आणि गुंतवलेला पैसाही परत यावा, अशा गुंतवणुकीला जगात ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ म्हणतात. मराठीत तिला प्रभाव गुंतवणूक म्हटले जाते. ही संज्ञा २००७ साली इटलीतल्या बेलाजियो इथे रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत पुढे आली. दानात पैसा परत येत नाही. नेहमीच्या गुंतवणुकीत भले झाले की नाही हे कोणी विचारत नाही. या दोन्हींच्या मधली ही वाट. ‘जीआयआयएन’ या जागतिक संस्थेने २०२४ मध्ये अशा पैशाचा अंदाज सुमारे १.५७ लाख कोटी डॉलर असा दिला. एवढ्या मोठ्या आकड्यातून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. भांडेवाडीत येते. तिथला करार या संज्ञेखाली झालेला नव्हता, तरीही या गुंतवणुकीची ताकद आणि तिच्यातली खोट, दोन्ही तिथे स्पष्ट दिसतात.

कोराडीला महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभारायला घेतले, एकूण १,९८० मेगावॉट. अशा केंद्रात एका मेगावॉट-तास विजेमागे अडीच ते तीन हजार लिटर पाणी लागते आणि त्यातले बहुतांश कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जाते. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सव्वाशे दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी हवे. हे आणायचे कुठून? पेंच नदीवरचे तोतलाडोह आणि नवेगाव खैरी हे दोन जलसाठे नागपूरची तहान भागवतात आणि खालच्या शेतीलाही तेच पाणी लागते. त्यात आणखी एक मोठा वाटेकरी घालणे अवघड होते.

म्हणून २००८ मध्ये महानिर्मिती आणि महापालिकेत करार झाला. महापालिकेने दररोज ११० दशलक्ष लिटर, म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत ११० एमएलडी, कच्चे सांडपाणी द्यायचे. ते शुद्ध करून कोराडीला नेण्याची जबाबदारी महानिर्मितीची. त्यासाठी १३० एमएलडी क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. खर्च सुमारे १९५ कोटी रुपये, पैकी ९० कोटी केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून आले. महापालिकेला वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये मिळायचे ठरले. हिशेब केला तर हजार लिटरला पावणेचार रुपयांच्या आसपास भाव पडतो, तोही मैल्याच्या पाण्याला! माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मानक धरले तर ११० एमएलडी म्हणजे आठ लाख माणसांचे रोजचे पाणी. पुढच्या काळात भांडेवाडीतच जुना १०० एमएलडीचा प्रकल्प वाढवून २०० एमएलडीचा करण्यात आला, खासगी भागीदारीतून, आणि त्याचेही पाणी महानिर्मितीच्या केंद्रांकडे वळले.

हे पाणी वीजकेंद्राच्या लायकीचे कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. येणारा प्रवाह काळपट आणि उग्र वासाचा असतो. पहिल्या जाळीवर चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, केसांचे गुंते अडकतात. मग रेती-माती खाली बसते. खरे काम त्यानंतर, हवा सोडलेल्या टाक्यांत होते. तिथे अब्जावधी जिवाणू पाण्यातली घाण अक्षरशः खाऊन टाकतात. त्यांना प्राणवायू लागतो म्हणून ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात, आणि अशा प्रकल्पाच्या विजेच्या बिलातला मोठा वाटा त्यांचाच असतो. जिवाणूंचा गाळ तळाशी बसला की वरचे पाणी निथळून घेतात, गाळतात, त्यात क्लोरीन सोडतात. घाण किती हे बीओडीने मोजतात, म्हणजे ती पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम असतो. तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेल्या पाण्यात तो दहाच्या खाली यावा लागतो. हा आग्रह वीजकेंद्राचाच असतो. पाण्यात फॉस्फेट, अमोनिया, तरंगते कण राहिले तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार धरतात, शेवाळासारखा थर चढतो, धातू गंजतो आणि संच बंद ठेवण्याची वेळ येते.

माझ्या मते भांडेवाडीच्या यशाचे मर्म इथे आहे. आपल्या देशात सरकारी अनुदानातून कितीतरी सांडपाणी प्रकल्प बांधले गेले आणि विजेचे बिल भरायला पैसे नाहीत म्हणून नुसते उभे राहिले. भांडेवाडीच्या पाण्याला रोजचा ग्राहक आहे. पाणी खराब आले तर त्याचे नुकसान होते, म्हणून तो लक्ष ठेवतो. पाणी आले नाही तर तो ओरडतो. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावरही प्रकल्प चालता ठेवणारी ही व्यवस्था कुठल्याही तपासणी पथकापेक्षा भक्कम आहे.

नागपूरचा मार्ग मग इतरांनीही धरला. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित कर्जरोखे काढले, तेही सांडपाणी शुद्ध करून साहिबाबादच्या कारखान्यांना विकण्यासाठी. देशातल्या महापालिकेचे ते पहिले हरित रोखे. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे बाजारात आणले. नागपूरला कर्जरोखे नवे नाहीत. २००१ सालीच इथल्या महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटी रुपये रोख्यांतून उभे केले होते. आज फरक इतकाच की पैसे देणारा विचारतो, या रुपयातून काय बदलले ते आकड्यात दाखवा.

शेतीतही हा पैसा पोचू लागला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय संस्थांनी मिळून सुमारे ३१० कोटी रुपये घातले. द्राक्ष उत्पादकांनी उभारलेल्या कंपनीत परदेशी प्रभाव गुंतवणूक इतक्या मोठ्या प्रमाणात यावी, ही मराठी शेतकऱ्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. विदर्भाच्या संत्र्याला असे बळ मिळावे, ही इच्छा नागपुरात बसून लिहिताना मनात येतेच. सामाजिक संस्थांसाठी सेबीच्या नियमांखाली सोशल स्टॉक एक्स्चेंजही सुरू झाले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे पहिली नोंदणी झाली, उन्नती फाउंडेशनच्या रोख्याची. त्या रोख्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. परताव्याच्या जागी येतो कामाचा अहवाल.

पण विदर्भाने या पैशाची दुसरी बाजूही सोसली आहे. गरीब बायकांना छोटी कर्जे देणारा सूक्ष्म वित्तपुरवठा हे जगभर प्रभाव गुंतवणुकीचे लाडके क्षेत्र होते. किती कर्जे वाटली, किती वसूल झाली, हे मोजायला सोपे. कर्ज घेणारीच्या घरात नेमके काय झाले, हे अवघड. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हा डोलारा कोसळला. नोटाबंदीनंतर विदर्भातही अनेक गावांत बायकांनी हप्ते भरणे थांबवले, मोर्चे निघाले. तोवर कागदावर वसुलीचे आकडे उत्तम होते. जे मोजायला सोपे तेच मोजले गेले, हा या क्षेत्राचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि भांडेवाडीही त्यातून सुटलेली नाही.

किती एमएलडी पाणी शुद्ध झाले, हे मीटर सांगतो. त्यापुढचे कोण सांगणार? कोराडीला सांडपाणी मिळाले म्हणून पेंचचे तेवढे पाणी वाचले, असे आपण म्हणतो. पण वाचलेले पाणी शहरातल्या टँकरवर जगणाऱ्या वस्तीपर्यंत गेले का, याचा हिशेब त्या मीटरवर नसतो. मध्य प्रदेशात वर चौराई धरण झाल्यावर पेंचची आवक घटली आणि जुलै २०१९ मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. प्रक्रिया केलेले पाणी नसते तर त्या वर्षी काय झाले असते, याची कल्पना करता येते. पण त्याने टंचाई टळली असा दावा करता येत नाही.

शिवाय हे पाणी ज्या केंद्राला जाते ते कोळशावर चालते. कोराडीच्या परिसरातली गावे राखेने त्रस्त आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत आणि ओढ्यांत शिरले. कोराडीत आणखी ६६० मेगावॉटचे दोन संच प्रस्तावित झाले तेव्हा अनेक नागपूरकरांनी २०२३ च्या जनसुनावणीत कडाडून विरोध केला. पाण्याच्या ताळेबंदात जी गोष्ट जमेची आहे ती हवेच्या ताळेबंदात खर्चाची ठरते. दोन्ही वह्या एकत्र मांडल्याशिवाय या गुंतवणुकीला ‘हरित’ म्हणणे मला पटत नाही. वीजदर धोरणानुसार या पाण्याचा खर्च वीजदरात धरता येतो, म्हणजे बिल शेवटी ग्राहकच भरतो, हेही त्या हिशेबात यायला हवे.

सगळ्यात मोठी उणीव मात्र नदीच्या खालच्या अंगाला आहे. ज्या नदीवरून शहराचे नाव पडल्याचे सांगतात ती नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून निघून शहराच्या मधून वाहते, पिवळी नदीला घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान जाते वैनगंगेत. तिथून हे पाणी गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात येते आणि त्याच वैनगंगेचे पाणी भंडारा शहर पिते. भांडेवाडीचे दोन्ही मोठे प्रकल्प चालू असूनही नागपूरचे सगळे सांडपाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जे पोचत नाही ते नदीतून खाली जाते. भंडारेकर वर्षानुवर्षे दूषित पाण्याची, जलपर्णीची तक्रार करत आले आहेत. कोराडीच्या कंडेन्सरला स्वच्छ पाणी हवे होते, त्याच्यामागे पैसे देणारी कंपनी होती. भंडाऱ्यालाही स्वच्छ पाणी हवे आहे. त्याच्यामागे अशी कंपनी नाही. गुंतवणूकदार आपणहून तिथे जाणार नाही, कारण परतावा कोणाकडून घ्यायचा हेच ठरत नाही.

म्हणून नाग नदीसाठी सरकारलाच उतरावे लागले. केंद्राने १,९०० कोटींहून अधिक खर्चाचा प्रदूषणमुक्ती प्रकल्प मंजूर केला, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाच्या आधारे. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा २५ आणि महापालिकेचा १५. यातही प्रभाव गुंतवणुकीकडून घेण्यासारखी एक चांगली सवय आहे: पैसा निकालाला बांधणे. राजस्थानात एज्युकेट गर्ल्स संस्थेच्या कामात २०१५ ते २०१८ या काळात हे करून पाहिले गेले. आधी एका प्रतिष्ठानने पैसे घातले. मुलींची पटनोंदणी आणि मुलांची शिकण्यातली प्रगती त्रयस्थांनी मोजली आणि मगच दुसऱ्या प्रतिष्ठानने ते पैसे परताव्यासह फेडले. शिकण्याचे ठरवलेले लक्ष्य तिथे १६० टक्के गाठले गेले.

नाग नदीच्या कंत्राटदाराचे बिलही असेच बांधता येईल. किती किलोमीटर गडरलाइन टाकली यावर काही हिस्सा द्यावा, आणि मोठा हिस्सा नदीच्या पाण्यातला बीओडी किती उतरला यावर. मोजायला माणसे बाहेरून आणायची गरज नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली ‘नीरी’, १९५८ पासून नागपुरातच आहे. फक्त नमुने भांडेवाडीच्या टाकीतून किंवा शहराच्या हद्दीतून घेऊन भागायचे नाही. भंडारा जिथून पिण्याचे पाणी उपसतो तिथून ते घ्यावेत आणि त्या त्या महिन्याचा आकडा भंडारा नगरपरिषदेच्या दारातल्या फलकावर लावावा.