पॉम्पेईच्या घरातून सुटका: एका गेमने शिकवलेला पुरावा

पीएचडीच्या कामातून थोडं डोकं बाजूला काढायला म्हणून मी एक एस्केप गेम बनवला. दिसायला जुन्या व्हिडिओ गेमसारखा: पडदा १२८ × १२८ पिक्सेलचा, रंग फक्त १६. पिको-८ या साधनात ही मर्यादा आधीच घालून दिलेली असते. काळ इ.स. ७९. व्हेसुव्हियस धुमसतोय आणि तुम्ही पॉम्पेईतल्या एका घरात अडकलाय.

त्यातल्या एकाच कोड्याबद्दल सांगतो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ते उपयोगी पडेल.

कोडं तारखेचं आहे. उद्रेक २४ ऑगस्टला झाला, असं आपण वाचत आलोय. धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांच्या नंतरच्या हस्तलिखित प्रतींवरून ही तारीख आलीय. मीही तीच धरली आणि बागेत उन्हाळा रंगवला. मग घराच्या भिंती कशा होत्या हे शोधताना कळलं, की २०१८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडलाय. त्यात तारीख आहे: नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसाआधीचा सोळावा दिवस.

आता तुम्हीच मोजा. लॅबमधल्या मित्रांना गेम खेळायला दिला, तर बहुतेकांनी उत्तर दिलं १६ ऑक्टोबर. बरोबर उत्तर १७. रोमन लोक मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरायचे. १ नोव्हेंबर हा पहिला, ३१ ऑक्टोबर दुसरा, असं मागे जायचं. हे आपल्याला परकं वाटायला नको. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत वजाबाकीने दहा दिवस होतात, तरी आपण म्हणतो अकराव्या दिवशी विसर्जन!

चूक मित्रांची नव्हती, माझी होती. मोजायचा नियम मला माहीत होता, पण गेममध्ये कुठेच दिलेला नव्हता. मग आधीच्या खोलीत एक सोपी तारीख सोडवून दाखवली. पेपर लिहितानाही असंच होतं. आपल्याला पाठ झालेली गृहीतकं वाचकाला दिसतच नाहीत.

खरी गडबड पुढे झाली. उत्साहाच्या भरात मी सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलं, ‘उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला’. मग थांबलो. भिंतीवर साल लिहिलेलं नाही. तो मजकूर फक्त एवढंच सांगतो, की कुठल्या तरी १७ ऑक्टोबरला कुणीतरी तिथे लिहिलं. घराची डागडुजी चालू होती आणि कोळशाचं लिखाण सहज पुसलं जातं, म्हणून तो ७९ सालचा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शरद ऋतूतल्या फळांचे अवशेष आणि शेगड्याही त्याच बाजूने बोलतात. तर्क मजबूत आहे, पण तर्कच आहे. शिवाय त्यातून उद्रेकाचा दिवस मिळत नाही, फक्त तो या लिखाणानंतर झाला एवढं कळतं.

म्हणून आता पडद्यावर फक्त ‘इ.स. ७९’ आहे. खेळाडू ओळखतो ती भिंतीवरची तारीख, उद्रेकाची नव्हे. बाग मी शरदातली रंगवली, आणि हा निर्णय माझा आहे, असं शेवटच्या पडद्यावर लिहिलं. योग्य दिवसाच्या भोकात खुंटी घातली की पेटी उघडते, तीही माझीच कल्पना; तेही तिथेच लिहिलंय.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. पाच कोडी, प्रत्येक सुटलेलं किंवा न सुटलेलं, म्हणजे जास्तीत जास्त ३२ स्थिती. छोट्या प्रोग्रामने त्या सगळ्या तपासल्या, तर एका स्थितीतून बाहेर पडायचा रस्ताच नव्हता. नुसतं खेळून ते मला कधीच सापडलं नसतं.

तुमच्या संशोधनाच्या प्रस्तावावर हाच प्रयोग करून बघा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा: सापडलेलं, तर्काने काढलेलं, की मी ठरवलेलं? तिसऱ्या रकान्यात किती वाक्यं आली, ते मोजा. मोजताना पहिलं वाक्य विसरू नका.