न थांबणारी थरथर

चऱ्होलीत राहणाऱ्याला थरथर नवी नाही. रस्त्याने भरलेला डंपर गेला की फडताळातली भांडी वाजतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मापे तपासायची खोली २० अंशांवर राखतात, कारण उष्णतेने पोलाद वाढते. पण थरथर वस्तूच्या आतलीच असेल तर?

पुण्याच्या ‘आयुका’तल्या शास्त्रज्ञांनी यटर्बियमच्या आयनावर चालणारे घड्याळ हाती घेतले आहे. अशा घड्याळाचा लंबक म्हणजे लेसरचा प्रकाश. त्याचा ठेका स्थिर राखायला निर्वात नळकांड्यात दोन आरसे समोरासमोर बसवतात आणि प्रकाश त्यांच्यामध्ये हजारो येरझारा घालतो. आरशांमधले अंतर अणुगर्भाच्या रुंदीहून कमी बदलले, तरी ठेका चुकतो.

हवा काढली, धक्के शोषणारी बैठक दिली, न वाढणारी काच वापरली, तरी चूक एका मर्यादेखाली जाईना. २००४ साली केंजी नुमाता आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: दोषी होती आरशातल्या अणूंची उष्णतेमुळे होणारी हालचाल, त्यातही आरसा आणि त्यावरचा लेप यांची.

ही हालचाल बंद करता येत नाही, पण तिचा उपद्रव कमी करता येतो. आरशांमधले अंतर वाढवले की तेवढीच थरथर प्रमाणाने लहान ठरते. प्रकाशाचा ठिपका मोठा केला की अनेक अणूंची सरासरी निघते. बँकेत हे रोज दिसे: कोणता खातेदार कधी पैसे काढील याचा नेम नसे, पण शाखेतली एकूण ठेव फारशी हलत नसे. तिसरा उपाय थंडीचा. सिलिकॉन उणे १४९ अंशांच्या आसपास तापमान बदलले तरी जवळजवळ वाढत-आकसत नाही. जर्मनी-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी तसे आरसे केले.

लेप मात्र हट्टी. काशाची घंटा एकाच सुरात बराच वेळ घुमते, कच्चे मडके बद्द वाजून गप्प होते. नेहमीचा लेप त्या मडक्याच्या जातीचा; त्याच्या आतले घर्षण जास्त, म्हणून त्याची थरथर सगळ्या सुरांत पसरते. २०१३ साली घंटेच्या जातीचा, स्फटिकाचा लेप चिकटवून पाहिला आणि हा गोंगाट बराच उतरला.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. आरसे ४० किलोंचे. तिथेही डोकेदुखी लेपाचीच आहे, आणि तो जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा.