आचारी, आचार्य आणि खुल्या संहितेतील शोध

निपाणी परिसरातील वडीलधाऱ्यांकडून १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी ऐकून त्या लिहून आणाव्यात, असा एक उपक्रम आम्ही आमच्या शाळेत घेतला होता. दोघा शिक्षकांनी त्या आठवणी संगणकावर उतरविल्या. पुढे एका विद्यार्थिनीने त्या संग्रहात 'शेतकऱ्यांचे' हा शब्द शोधावयास दिला, तेव्हा संगणकाने निम्म्याच आठवणी तिच्यापुढे ठेवल्या. उरलेल्या निम्म्यांतही तोच शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. तथापि यंत्राचा निर्णय प्रमाण मानून तिने आपल्या वहीत लिहिले, की ह्या आठवणींत शेतकऱ्यांचा उल्लेख नाही. जे सापडले नाही ते मुळात नाहीच, ही समजूत आजच्या विद्यार्थ्याच्या मनात नकळत घर करून बसते. म्हणूनच शोध म्हणजे काय, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

संगणकाची कोणतीही आज्ञावली ही मुळात माणसाने लिहिलेला मजकूरच होय. त्यास सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, असे म्हणतात. पुष्कळशा व्यापारी आज्ञावलींची मूळ संहिता तिच्या धन्यापाशी गुप्त असते. उलट लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स ह्यांसारख्या आज्ञावलींची संहिता कोणासही वाचता येते, अटींस अधीन राहून बदलता येते आणि इतरांस देताही येते. अशा आज्ञावलींस 'खुल्या' म्हणण्याचा प्रघात १९९८ पासून पडला. परंतु वाचण्याची मुभा असणे निराळे आणि हवे ते पान हाती लागणे निराळे. लक्षावधी ओळींच्या ह्या अरण्यात वाट दाखविणारा शोध नसेल, तर दार उघडे असूनही घर अंधारेच राहावयाचे.

ही वाट मराठी वाचकालाही चालता येण्यासारखी आहे. पडद्यावर 'मजकूर सापडला नाही' असे एखादे वाक्य उमटले, असे समजू. पुष्कळ खुल्या प्रकल्पांत अशा वाक्यांची भाषांतरे 'गेटटेक्स्ट' नावाच्या रूढ पद्धतीने ठेवलेली असतात. तीत मूळ इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठी वाक्य आणि शेजारी बहुधा ते वाक्य संहितेच्या कोणत्या धारिकेत, कितव्या ओळीवर आले आहे ह्याची नोंद असते. म्हणजे मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य, इंग्रजी वाक्यावरून ओळ आणि ओळीवरून शब्दांची तुलना करणारा आज्ञांचा भाग, असा माग काढता येतो. कोशात शब्द, शब्दाखाली ग्रंथनाम आणि ग्रंथनामावरून मूळ उतारा गाठणाऱ्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये.

एका प्रकल्पात माग काढणे झाले. पण आपली अडचण दुसऱ्या कोणी पूर्वीच सोडविली असेल तर? त्यासाठी सहस्रावधी प्रकल्प एकदम धुंडाळावे लागतात, आणि प्रत्येक पान दर वेळी उलटणे यंत्रालाही परवडत नाही. म्हणून आधी सूची करून ठेवतात. 'कमलनयन' हा शब्द घेतला, तर त्याचे कमल, मलन, लनय, नयन असे तीन-तीन वर्णांचे चार तुकडे पडतात. कोणता तुकडा कोणत्या पानांवर आहे ह्याची सूची सिद्ध असली, की चारही तुकडे असलेली पाने तेवढी उघडून संपूर्ण शब्द ताडून पाहावयाचा. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेला संहिताशोध ह्याच तत्त्वावर चाले. २०१२ च्या जानेवारीत तो बंद झाला. परंतु त्याचे एक कर्ते रस कॉक्स ह्यांनी त्याची रीत विवरून सांगितली आणि तिचा एक खुला नमुनाही प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डेबियन ह्या खुल्या प्रकल्पासाठी मिखाएल श्टापेलबेर्ग ह्यांनी तशाच त्रिवर्णी सूचीवर आपला संहिताशोध उभारला. सेवा बंद पडली तरी विद्या उरली, ती उघडपणे लिहून ठेवली होती म्हणून.

आता आमच्या 'शेतकऱ्यांचे' ह्या शब्दाकडे वळू. एका शिक्षकाचा कळपाट इन्स्क्रिप्ट होता. त्यावर 'ऱ' ह्या वर्णास स्वतंत्र स्थान आहे. त्यांनी तो वर्ण, हलन्त आणि 'य' अशी अक्षरे दाबली. दुसऱ्यांनी साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक सांधणारे चिन्ह घालून 'य' लिहिला. पडद्यावर आकृती एकच. यंत्राच्या पोटात मात्र दोन भिन्न शब्द. हा कोणा टंकलेखकाचा प्रमाद नव्हे. युनिकोडच्या प्रमाणग्रंथातच ह्या दोन्ही रीती नमूद आहेत: पहिली भारतीय इस्की संकेताशी मेळ राहावा म्हणून, दुसरी युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीशी विसंगती येऊ नये म्हणून. संहितेइतकेच तिच्या सोबतचे विवेचनही शोधावे लागते, ते ह्यासाठी. संहिता काय घडते ते सांगते. तसे का घडते, हे बहुधा विवेचनातच सापडते.

ह्यावर कोणी म्हणेल, की ते अदृश्य चिन्ह शोधताना वगळावे म्हणजे झाले. पण चिन्ह वगळले, की उरतो साधा 'र्य'. मग 'आचाऱ्यास बोलवा' आणि 'आचार्यास बोलवा' ह्यांत भेद उरत नाही, आणि 'दऱ्या' शोधणाऱ्याच्या हाती 'दर्या' येतो! मराठी न जाणणारा कुशल आज्ञाकारही हा उपाय निःशंकपणे योजील. कारण स्वयंपाकी आणि गुरू ह्यांतले अंतर त्याने कधी अनुभवलेले नाही. खरा उपाय असा, की तुलनेपूर्वी दुसऱ्या रीतीचे लेखन पहिल्या रीतीत बदलून घ्यावे. त्यास संहितेतील थोड्या ओळी पुरतात. त्या कोठे घालाव्यात हे शोधाने कळते. काय घालावे हे मराठी जाणणाराच सांगू शकतो.

आमच्या सीमाभागात ही गोष्ट केवळ मराठीची नाही, हेही सांगितले पाहिजे. कन्नडमध्ये 'रँक' हा शब्द लिहिताना रफार टाळण्यासाठी तेच अदृश्य चिन्ह निराळ्या जागी घालावे लागते. एका शेजाऱ्याने लिहिलेले निरसन दुसऱ्यास उपयोगी पडावे, अशी सोय खुल्या संहितेत आहे.

ह्याउलट डोळ्यांना खटकणारे काही भेद यंत्राला मुळीच जाणवत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने 'ल' आणि 'श' ह्यांची मराठी वळणे प्रमाण ठरविली. ती आवश्यकच होती. पण हिंदी वळणाचा 'ल' असला तरी शोधात बाधा येत नाही, कारण संकेत एकच आहे. बाधा येते ती आपल्या लेखनातील अस्थिरतेने. 'बेळगाव' शोधणाऱ्यास 'बेळगांव' सापडत नाही. २०१४ पासून अधिकृत झालेले 'बेळगावी' ओळखावयाचे, तर त्याची तजवीज निराळी करावी लागते. 'फाइल', 'फाईल', 'धारिका' आणि 'संचिका' हे चार शब्द चार प्रकल्पांत विखुरले, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या चार भिन्न वस्तू होतात. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम आपण आजवर गुणपत्रिकेच्या भीतीने शिकविले. लिहिलेले पुढे कोणाला सापडावे, हे त्यांचे प्रयोजन आता अधिक पटण्यासारखे आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीस आम्ही वहीतील वाक्य खोडावयास सांगितले नाही. त्याखाली तिने एक ओळ वाढविली: 'ह्या आठवणींत शेतकऱ्यांचा उल्लेख आहे, तो दोन रीतींनी लिहिला असल्यामुळे आधी सापडला नव्हता.' यंत्राने दिलेले 'नाही' हे उत्तर तपासून पाहण्याची सवय एवढ्यावरून लागली, तरी आम्ही तो तास कारणी लागला असे समजू. मराठी शिकविणाऱ्याने आज्ञाकार व्हावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु आचारी आणि आचार्य ह्यांतला भेद आज्ञाकाराच्या कानी घालणे हे काम त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाकडून होणारे नाही.